विजेचा सौम्य धक्का : दुर्लक्ष केव्हा, दवाखाना केव्हा?

चैत्र सरत आला की नागपुरातील घराघरांत एक ठरावीक लगबग सुरू होते. माळ्यावर किंवा जिन्याखाली आठ महिने विसावलेला कूलर बाहेर निघतो. गंजलेली टाकी घासली जाते, तिला रंगाचा हात दिला जातो, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या किंवा गवताच्या नव्या ताट्या बसविल्या जातात आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर पुन्हा विराजमान होतो. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस इतके तापमान अनुभवले आहे. नवतप्याच्या दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात, तेव्हा घरातील वृद्ध, आजारी व लहान मुलांचा आधार हा कूलरच असतो. विदर्भात तो आता चैनीची वस्तू राहिलेला नाही.

मात्र पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज ही तीन एकत्र आणणारे घरातील हेच सर्वांत मोठे उपकरण होय. टाकीत पाणी भरताना, ताटी हलविताना किंवा कूलरला नुसता हात लागला असता बोटांना झिणझिणी येते. ‘काही नाही, जरासा करंट लागला’, असे म्हणून गृहिणी हात झटकते आणि कामाला लागते. क्वचित याच्या उलट घडते. किरकोळ धक्क्याने घाबरलेले कुटुंब रात्रभर रुग्णाजवळ जागत बसते, कारण ‘करंट अंगात राहतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस जातो’, असे कोणीतरी सांगितलेले असते. पहिल्या प्रसंगी निष्काळजीपणा होतो, दुसऱ्या प्रसंगी अकारण भीती बाळगली जाते. विजेचा सौम्य धक्का बसल्यावर डॉक्टरांकडे जावे की न जावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात माहीत असणे म्हणूनच अगत्याचे आहे. देशातील अपघाती मृत्यूंच्या अधिकृत अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने मृत्यू पावलेल्यांची संख्या दरवर्षी दहा हजारांहून अधिक नोंदली गेली आहे, ही गोष्ट त्याचे महत्त्व पटविण्यास पुरेशी आहे.

धक्का सौम्य कशावरून?

सर्वसामान्य समजूत अशी की, जोराचा झटका म्हणजे मोठा धोका आणि हलकी झिणझिणी म्हणजे धोका नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तो सर्वांसाठी सारखाच असला, तरी शरीरातून किती प्रवाह वाहील हे शरीराच्या, विशेषतः त्वचेच्या, विरोधावर ठरते. कोरड्या, जाड त्वचेचा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. अशा हाताने तारेला स्पर्श झाल्यास शरीरातून सुमारे २.३ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि झिणझिणी येऊन प्रसंग संपतो. तोच हात पाण्याने किंवा घामाने भिजलेला असला आणि पाय ओल्या फरशीवर अनवाणी असले, तर विरोध एक हजार ओहमपर्यंत खाली येतो. मग त्याच तारेतून, त्याच माणसाच्या शरीरात २३० मिलिअँपिअर प्रवाह शिरतो. म्हणजे वीज तीच, कूलर तोच आणि हातही तोच. ओलाव्यामुळे मात्र प्रवाह शंभरपट वाढला.

या आकड्यांचा अर्थ शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाहाची माणसाला जेमतेम जाणीव होते. प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडू लागतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून ही मर्यादा मोजली होती. पुरुषांच्या बाबतीत ती सरासरी १६ आणि स्त्रियांच्या बाबतीत सरासरी १०.५ मिलिअँपिअर आढळली. ‘करंटने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात त्याचे कारण हेच. वीज माणसाला ओढून धरीत नाही. बोटे मिटविणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असल्याने मूठ आपोआप आवळली जाते. प्रवाह आणखी वाढल्यास छातीचे स्नायू आखडून श्वास कोंडतो आणि ५० ते १०० मिलिअँपिअरच्या टप्प्यात हृदयाच्या तालाला धोका उत्पन्न होतो.

तेव्हा धक्का सौम्य होता किंवा नाही, हे केवळ वेदनेवरून ठरविता येत नाही. त्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतात. वीज शरीरात कोठून शिरली व कोठून बाहेर पडली? स्पर्श किती वेळ टिकला? त्या वेळी हात, पाय वा जमीन ओली होती काय? आणि धक्का कोणाला बसला?

वीज एकाच हाताच्या दोन बोटांमधून गेली तर इजा बहुधा तेवढ्यापुरतीच राहते. एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने किंवा पायाने ती बाहेर पडली, तर तिचा मार्ग छातीतून, म्हणजे हृदयाजवळून जातो. एका हातात पाण्याचा पाइप आणि दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर, किंवा हात कूलरवर आणि अनवाणी पाय ओल्या गच्चीवर, ही उन्हाळ्यातील नित्याची स्थिती नेमकी हाच घातक मार्ग तयार करते.

हृदयावर होणारा परिणाम

हृदयाचे प्रत्येक आकुंचन शरीरातच निर्माण होणाऱ्या अत्यंत सूक्ष्म विद्युतसंकेताने घडते. बाहेरचा प्रवाह हृदयातून गेला तर हा ताल बिघडू शकतो. हृदयाचे स्नायू एकत्रितपणे आकुंचन पावण्याऐवजी वेगवेगळे फडफडू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही, काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि तत्काळ उपचार न मिळाल्यास काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होते.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ही प्राणघातक फडफड प्रायः विजेचा स्पर्श होत असतानाच सुरू होते. धक्का बसून गेला, माणूस शुद्धीवर आहे, नीट बोलतो आहे, त्याला छातीत दुखणे वा धडधड नाही आणि हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी., निर्दोष आहे, तर घरगुती दाबाच्या धक्क्यानंतर काही तासांनी हृदय अकस्मात बंद पडण्याचा संभव अत्यंत विरळा असतो. अंगात ‘करंट राहतो’ ही समजूत निराधार आहे. शरीर वीज साठवीत नाही. तारेपासून दूर झालेल्या माणसाला स्पर्श केल्याने दुसऱ्यास धक्का बसत नाही. ही समजूत दूर होणे केवळ मनःशांतीसाठीच नव्हे, तर तातडीच्या मदतीसाठीही आवश्यक आहे. कारण तिच्या भीतीने लोक बेशुद्ध माणसाला हात लावण्यास कचरतात आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

कोणाला दवाखान्याची गरज नाही?

निरोगी प्रौढ व्यक्तीला घरातील विजेचा क्षणिक धक्का बसला, हात लगेच सुटला, शुद्ध हरपली नाही, ती पडली नाही, त्वचेवर भाजल्याची खूण नाही, आणि थोड्या वेळात झिणझिणी थांबून तिला पूर्ववत वाटू लागले, तर रुग्णालयात धाव घेण्याचे बहुधा कारण नसते. अशा व्यक्तीने काही वेळ शांत बसावे, अंगावर कोठे डाग वा फोड आहे काय हे नीट पाहावे, आणि तो दिवस घरातील कोणाला तरी सांगून ठेवून काढावा. ‘सांगून ठेवणे’ याला महत्त्व आहे. पुढे वर्णन केलेल्या लक्षणांपैकी एखादे लक्षण उद्भवले, तर धक्क्याची माहिती असलेला माणूसच डॉक्टरांना ती देऊ शकतो. मनात शंका असेल, तर जवळच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात संकोच करू नये. अनावश्यक तपासणीत वेळ जातो. आवश्यक तपासणी टाळल्यास त्याहून बरेच काही गमवावे लागते.

कोणी जावेच?

पुढील परिस्थितीत मात्र धक्का कितीही लहान वाटला, तरी त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे :

१. क्षणभर का होईना, शुद्ध हरपली असेल, भोवळ आली असेल किंवा धक्क्याच्या वेळचे काही आठवत नसेल.

२. छातीत दुखणे, धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा दम लागणे यांपैकी काही असेल.

३. हात विजेला चिकटून राहिला असेल किंवा दुसऱ्याने सोडविल्यावरच सुटला असेल.

४. वीज एका हातातून दुसऱ्या हातात किंवा हातातून पायात गेली असावी असे वाटत असेल, विशेषतः अंग ओले असताना.

५. त्वचेवर भाजल्याची खूण असेल. विजेचा डाग वरून रुपयाएवढा दिसला, तरी आतील स्नायू व नसा त्याहून अधिक भाजलेल्या असू शकतात. वीज शिरली त्या जागेप्रमाणेच ती बाहेर पडली ती जागाही, बहुधा तळपाय, पाहावी.

६. हातापायांत बधिरता, अशक्तपणा किंवा तीव्र स्नायुदुखी असेल, अथवा लघवीचा रंग काळपट तांबडा, कोऱ्या चहासारखा झाला असेल. इजा झालेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडाला अपाय करीत असल्याचे ते चिन्ह असू शकते.

७. धक्क्याने माणूस स्टुलावरून, शिडीवरून किंवा गच्चीवर पडला असेल. अशा वेळी डोक्याची, मणक्याची किंवा हाडांची इजा विजेपेक्षाही गंभीर असू शकते. केवळ स्नायूंच्या झटक्याने खांदा निखळल्याचीही उदाहरणे वैद्यकशास्त्रात नमूद आहेत.

८. धक्का बसलेली व्यक्ती गर्भवती असेल, तिला हृदयविकार असेल, हृदयात पेसमेकर बसविलेला असेल किंवा ती लहान मूल असेल.

यांपैकी शेवटच्या मुद्द्याविषयी थोडे अधिक लिहिणे इष्ट होईल. गर्भवती स्त्रीला स्वतःला काही त्रास जाणवत नसला, तरी गर्भाच्या हालचाली व हृदयाचे ठोके तपासून घेणे आवश्यक असते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात तर याबाबत हयगय होताच कामा नये. लहान मुलांची त्वचा पातळ व ओलसर असते आणि आपल्याला काय होते आहे हे त्यांना सांगता येत नाही. रांगते मूल एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तोंडात घालते, तेव्हा ओठाच्या कडेला भाजते. ही जखम प्रथम फारशी रक्ताळत नाही. परंतु पाच ते चौदा दिवसांनी खपली निघताना ओठातील रक्तवाहिनी उघडी पडून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून तोंडात भाजलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे आणि रक्तस्राव झाल्यास काय करावे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

आणखी काही परिणाम उशिरा प्रकट होतात. बधिरता, मुंग्या, निद्रानाश वा भीती काही आठवड्यांनी जाणवू शकते. डोक्याजवळून वीज गेली असल्यास पुढे मोतीबिंदूही संभवतो. दृष्टी अंधुक होऊ लागल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना जुन्या धक्क्याची माहिती आवर्जून द्यावी.

रुग्णालयात काय होते?

तपासणीच्या नावाने अनेक जण बिचकतात. तथापि, ती सोपी व वेदनारहित असते. डॉक्टर प्रथम विजेचा मार्ग, कालावधी व ओलावा यांची चौकशी करतात, नाडी व रक्तदाब पाहतात आणि ई.सी.जी. काढतात. या आलेखाला काही मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही. तो निर्दोष असेल व अन्य तक्रार नसेल, तर बहुतेकांना घरी जाण्याची परवानगी मिळते. आलेखात दोष आढळल्यास, शुद्ध हरपली असल्यास किंवा छातीत दुखत असल्यास काही तास हृदयावर यंत्राद्वारे देखरेख ठेवतात. स्नायूंना इजा झाल्याची शंका आल्यास रक्त व लघवी तपासतात. भाजलेल्या जखमेसाठी मलमपट्टी व धनुर्वाताची लस देतात.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘मेडिकल’, आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे ‘मेयो’, या दोन्ही ठिकाणी तातडीच्या रुग्णांची सोय आहे. विदर्भातील जिल्ह्यांतूनच नव्हे, तर लगतच्या छिंदवाडा, बालाघाट या भागांतूनही रुग्ण येथे येतात. तथापि, ग्रामीण भागातील माणसाने थेट नागपूर गाठण्याच्या विचाराने वेळ दवडू नये. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय प्रथम गाठावे आणि गरज भासल्यास तेथील डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे जावे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकावर तातडीची रुग्णवाहिका उपलब्ध आहे.

पहिली काही मिनिटे

एखाद्याला विजेने धरून ठेवले असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी. मेन स्विच खाली ओढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. म्हणून मेन स्विच कोठे आहे व तो कसा बंद होतो, हे घरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असावे. तो तत्काळ सापडत नसेल, तर कोरड्या लाकडी पाटावर उभे राहून कोरडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची यांच्या साहाय्याने माणसाला दूर ढकलावे. ओली काठी, ओला टॉवेल वा धातूची वस्तू वापरू नये. हा उपाय केवळ घरातील विजेसाठी आहे. रस्त्यावर किंवा शेतात खांबावरची तार तुटून पडली असेल, तर किमान दहा मीटर दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. तेथे काठीचा प्रयोग करणे म्हणजे दुसऱ्या बळीला आमंत्रण देणे होय.

माणूस विजेपासून मोकळा झाल्यावर त्याला हाक मारावी, श्वास पाहावा. तो बेशुद्ध असून श्वास घेत नसेल किंवा आचके देत असेल, तर दुसऱ्याकरवी १०८ ला कळवावे आणि आपण तत्काळ छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रत्येक वेळी छाती पूर्ववत वर येऊ देत दाब द्यावा. प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने ३० दाबांनंतर दोनदा तोंडाने श्वास द्यावा. मदत पोहोचेपर्यंत हे थांबवू नये.

या उपायाचा इतिहास विजेच्या अपघातांशीच निगडित आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील वीज कंपन्यांचे तारतंत्री धक्क्याने मृत्युमुखी पडत. या मृत्यूंवर उपाय शोधण्याचे काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विद्युत अभियंता विल्यम काउवेनहोव्हन यांनी अंगावर घेतले. त्यांच्या प्रयोगशाळेत हृदयाची फडफड थांबविणाऱ्या यंत्रावर संशोधन चालू असताना, छातीवर दाब दिला तरी रक्ताभिसरण काही काळ चालू ठेवता येते, असे आढळून आले. काउवेनहोव्हन व त्यांचे सहकारी जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी १९६० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर हृदय बंद पडलेल्या रुग्णांसाठी वापरला जाणारा हा उपाय, अशा रीतीने, तारतंत्र्यांचे प्राण वाचविण्याच्या धडपडीतून हाती आला आहे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे, तळपाय घाशीत बसणे किंवा त्याला माती वा शेणात ठेवणे हे उपाय निरुपयोगी आहेत. त्यांत जाणारा वेळ प्राणांवर बेततो. भाजलेल्या जागेवर, वीज बंद झाल्याची खात्री करून, नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे आणि ती स्वच्छ, कोरड्या कापडाने झाकावी. हळद, टूथपेस्ट, तेल किंवा बर्फ लावू नये.

माणूस बचावला, कूलरचे काय?

सौम्य धक्क्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक येथे होते. बोटांना झिणझिणी आलेल्या माणसाला कदाचित डॉक्टरांची गरज नसते. परंतु ज्या कूलरने ती दिली त्याला तारतंत्र्याची गरज निश्चितपणे असते. धातूच्या पत्र्यावर वीज उतरली आहे, याची ती पूर्वसूचना होय. सकाळी कोरड्या हाताने, चप्पल घालून कूलरला हात लावणाऱ्या वडिलांना जी वीज झिणझिणी देते, तीच वीज दुपारी ओल्या अंगाने, अनवाणी पायांनी कूलरजवळ खेळणाऱ्या मुलाचा प्राण घेऊ शकते. म्हणून पहिल्या झिणझिणीनंतर बटण बंद करून, कोरड्या हाताने प्लग काढून ठेवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो कोणी लावू नये. हातरुमाल गुंडाळून तेवढ्यापुरते काम भागविणे हा उपाय नव्हे. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नये.

दोष बहुधा काही ठरावीक ठिकाणी असतो. टाकीतील पाण्यात बुडालेल्या लहान पंपाचे आवरण झिजते. अडगळीत पडलेली वायर उंदीर कुरतडतात. पंख्याच्या मोटारीत ओल शिरते. यांपैकी काही घडले, तरी अर्थिंग नीट असल्यास पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीकडे वाट काढते. तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन याचसाठी असते. ती तोडून दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये प्लग बसविणे, किंवा अर्थिंगच्या जागी न्यूट्रलची तार जोडणे म्हणजे कूलरचा रक्षकच काढून घेणे होय. उन्हाळ्यात आणखी एक अडचण संभवते. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा विरोध वाढतो. म्हणजे कूलर चालू होतो त्याच महिन्यांत त्याचे संरक्षण दुबळे होते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे असे सांगितले जाते ते याचमुळे.

घरात फ्यूज किंवा एम.सी.बी. आहे, मग भीती कसली, असे अनेकांना वाटते. ही उपकरणे तारा जळण्यापासून वाचविण्यासाठी असतात. १६ अँपिअरचा एम.सी.बी. १६ हजार मिलिअँपिअर प्रवाह निर्वेधपणे वाहू देतो. माणसाच्या हृदयाला १०० मिलिअँपिअरही पुरे होतात. माणसाचे रक्षण करणारे उपकरण वेगळे आहे. घरात शिरणारी व परतणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात पुरवठा तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा दिली आहे. हे उपकरण, ज्याला बाजारात आर.सी.सी.बी. व बोलण्यात ई.एल.सी.बी. म्हणतात, परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावे आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबून ते चालू स्थितीत असल्याची वेळोवेळी खात्री करावी.

कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढणे, पाणी वायरवर वा फरशीवर सांडू न देणे, ओल्या हाताने वा अनवाणी स्पर्श न करणे आणि कूलर मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवणे, या सूचना महावितरणच्या वतीने दर उन्हाळ्यात प्रसृत केल्या जातात. नळाला जोडलेल्या टिल्लू पंपालाही त्या तितक्याच लागू आहेत.

गावाने करावयाचे काम

शाळेतील पाण्याची टाकी व तिचा पंप, ग्रामपंचायतीचे पंपघर, अंगणवाडीतील कूलर आणि सभामंडपातील तात्पुरती तारजोडणी ही सार्वजनिक ठिकाणे आहेत. तेथे बसलेला सौम्य धक्का ‘कोणाचाच नसतो’ आणि म्हणून तो नोंदला जात नाही. ग्रामपंचायतीने मार्च महिन्यातच या सर्व जोडण्यांची परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करून घ्यावी. धक्का बसल्याची तोंडी तक्रारही लिहून ठेवावी व उपकरण त्याच दिवशी बंद करावे. विजेच्या अपघातात मनुष्याला किंवा जनावराला इजा झाल्यास अथवा प्राणहानी झाल्यास त्याची सूचना विद्युत निरीक्षकास देण्याची तरतूद विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ मध्ये आहे, हेही सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावे. शिक्षकांनी उन्हाळी सुटीपूर्वीचा एक तास या विषयाला दिला, तर मेन स्विच कोठे असतो, चिकटलेल्या माणसाला कसे सोडवावे, छातीवर दाब कसा द्यावा आणि १०८ व १९१२ हे क्रमांक कशासाठी आहेत, एवढे ज्ञान मुलांबरोबर घरोघरी पोहोचेल.

मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून शिकविली पाहिजे. धक्का बसला हे घरी सांगितले तर रागावणे होईल, या भीतीने मुले तो लपवितात. ‘कूलरला हात का लावलास?’ हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी नंतर विचारावा. आधी मुलाला जवळ घेऊन ‘कोठे लागले, किती वेळ लागले, आता कसे वाटते?’ असे विचारावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्यापूर्वी, घरातील दुसरे कोणी कूलरजवळ जाण्याच्या आत, त्याचा प्लग काढून ठेवावा.